चिकटपट्टीवरचं नाव

"माझ्या पणजोबांना इंजिनं दुरुस्त करता यायची. सैन्यात त्यांना भांडी घासायला लावलं."

ड्रोनचा स्क्रू आवळता आवळता ती मुलगी सहज बोलून गेली. माझ्या हातातला गुणांचा कागद तसाच राहिला.

आज एका स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांमधली मुलं, आणि सोडवायचे प्रश्न लष्कराचे. हिच्या टीमचा ड्रोन जीपीएस बंद पडलं तरी कॅमेऱ्याने खालची जमीन ओळखत जखमी सैनिकापर्यंत औषध नेतो. सकाळी त्याचा एक पाय मोडला होता, तो चिकटपट्टीने बांधलेला. पट्टीवर पेनाने पणजोबांचं नाव.

अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला १९४१ पासून कृष्णवर्णीय वैमानिक तयार झाले, महायुद्धात लढले. तरी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघायला १९४८ उजाडलं. आणि संरक्षण खात्याच्या विद्यापीठ संशोधन केंद्राचं नेतृत्व अशा कॉलेजांपैकी कुणाकडे पहिल्यांदा कधी आलं? २०२३ मध्ये! हवाई दलाने हॉवर्ड विद्यापीठाला पाच वर्षांसाठी ९ कोटी डॉलर दिले. हॉवर्ड तर १८६७ पासून उभं आहे.

हुशारी तेव्हाही होतीच की. कुणी विचारलंच नाही. हे डोक्यातून जातच नाहीये.

निघताना तिला म्हटलं, "आज पणजोबा असते तर?"

ती हसली. "आधी तो पाय नीट बसवायला लावला असता."