हॉलमधला बापूंचा 'फोटो'

मी १९८९ची दहावीची बॅच. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज आला तेव्हा सगळ्यात आधी आठवला तो हॉलमध्ये स्टेजच्या डाव्या बाजूला लावलेला बापूंचा फोटो. आम्ही फोटोच म्हणायचो. प्रार्थनेच्या रांगेत माझी जागा बरोब्बर त्याच्या खाली यायची त्यामुळे तो रोज बघितलाय, बापू हात जोडून उभे, छातीशी तीन लाल ठिपके, कमरेला लटकवलेलं घड्याळ, आणि वर ढगात पुन्हा तेच बापू विमानात बसून स्वर्गाला निघालेत, देव फुलं टाकतायत. खाली नेहरू आणि पटेल, माना खाली.

आठवीत असताना ३० जानेवारीला अकराचा भोंगा झाला, दोन मिनिटं स्तब्धता झाली आणि चित्रकलेच्या सरांनी आमच्या वर्गाला तिथेच थांबवलं. म्हणाले, पोरांनो हा फोटो नाही, छापील चित्र आहे. १९४८ला दिल्लीत बिर्ला हाऊसमध्ये संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी गोळ्या झाडल्या तो क्षण कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. अंत्ययात्रेचे फोटो आहेत, पण लोकांना बापूंना शेवटचं बघायचं होतं, मग चित्रकारांनी मनानेच काढलं, छापखान्यांनी छापलं आणि बाजारातून घरी नेऊन लोकांनी ते देवांच्या तसबिरींशेजारी लावलं. बापूंना आधार देत चालणाऱ्या मनूबेन आणि आभाबेन दोन बाजूंना होत्या, त्यासुद्धा आमच्या चित्रात नाहीत.

मग सरांनी स्टूल लावलं आणि एकेकाच्या हातात भिंग दिलं. माझा नंबर आला तेव्हा दिसलं की तिसरा ठिपका छातीवर नाहीच, शालीची कड ओलांडून मागच्या निळ्या आकाशावर गेलाय. सर म्हणाले प्रत्येक रंग वेगळा छापतात, कागद केसभर जरी सरकला तरी रंग बाहेर जातो. लोणावळ्याजवळच्या मळवलीला रविवर्मांचा छापखाना होता, तिथे दगडावरून देवादिकांची चित्रं कशी छापायचे तेही तेव्हाच सांगितलं. मला आयुष्यात छपाईची गोडी लागली ती त्या स्टुलावर.

कुणीतरी विचारलं, सर मारणारा कुठंय? सर जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, घरातलं माणूस गेलं की आपण भिंतीवर फोटो कुणाचा लावतो? आणि मग सांगितलं की आपल्याच महाराष्ट्रातल्या माणसाने हे केलं म्हणून साने गुरुजींनी २१ दिवस उपवास केला. सांगताना सरांचा आवाज भरून आलेला, तो अजून कानात आहे.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. हॉलला नवा रंग दिलाय, छान झालाय. चित्र स्टोअररूममध्ये कपाटामागे सापडलं, काच तडकलीय, पटेलांचा खांदा कसरीने खाल्लाय, बाकी रंग अजून तसेच. फ्रेमचा खर्च मी करतो, माझ्या ओळखीचा माणूस जुने कागद नीट करतो त्याच्याशी बोललोय. तेवढं परत स्टेजच्या डाव्या बाजूलाच लावा, जरा खाली, पाचवीच्या पोरांना दिसेल असं. आणि तो तिसरा ठिपका कुणी ब्रशने नीट करू नका प्लीज.