दार, फाटक आणि कप्पीचा हूक: कड्या निवडताना आलेला अनुभव

हर्णैच्या बाजूला आमची बोटींच्या इंजिनदुरुस्तीची शेड आहे. इंजिनं नवरा आणि त्याच्या हाताखालची मुलं बघतात. हिशेब, खरेदी आणि बांधकाम माझ्याकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या असंख्य छपरांबरोबर आमचंही छप्पर गेलं. पत्रे हलके होते म्हणून उडाले, असं जो तो म्हणत होता. ढिगारा उपसताना मला दिसलं ते वेगळंच. मोठ्या दाराचा मधला अल्ड्रॉप, म्हणजे आडवी सरकणारी कुलपाची कडी, शाबूत होता, त्यातलं कुलूपसुद्धा तसंच लटकत होतं. पण दोन्ही फळ्या वरून आणि खालून आत वाकल्या होत्या आणि जमिनीतल्या भोकात जाणारा खालचा बोल्ट सुटून वर आला होता. त्या भोकात वाळू भरली होती, बोल्ट जेमतेम बोटाच्या पेराएवढा आत जात असणार.

शेड बांधून देणाऱ्या इंजिनिअरांनी त्याचा अर्थ समजावून सांगितला. वारा छपरावरून जाताना पत्रे वर ओढतो. दार बंद आहे तोवर एवढंच ओझं पत्रे धरणाऱ्या हूक बोल्टांवर येतं. दार फुटलं की वारा आत कोंडतो आणि त्याच पत्र्यांना खालून रेटा देतो. दोन्ही जोर एका दिशेला लागले की हूक बोल्ट टिकत नाहीत. म्हणजे आमचं छप्पर दाराच्या कडीपाशी हरलं होतं. हे कळल्यावर नव्या शेडच्या कड्या 'फॅब्रिकेटर आणेल त्या' लावायच्या नाहीत, हे मी ठरवून टाकलं.

प्रत्येक कडीपुढे मी दोनच प्रश्न ठेवले: हिने काय अडवायचंय आणि कोणाला, कोणत्या अवस्थेत, वाट द्यायची आहे? दुसरा प्रश्न दुकानात कुणी विचारतच नाही. तिथे चर्चा मजबुतीची आणि भावाची.

सुरुवात मोठ्या दारापासून केली. इंजिन घेऊन टेम्पो थेट आत यावा एवढं ते उंच आणि रुंद. एवढ्या उंच फळीला मध्ये एकच कडी म्हणजे वरची आणि खालची टोकं मोकळीच. फॅब्रिकेटर दादांनी जाड अल्ड्रॉप सुचवला, पण जुना अल्ड्रॉप तुटलाच नव्हता, मग जाड घेऊन काय साधणार? उत्तर बंदरावरच सापडलं. मालाच्या कंटेनरच्या दारांना उभे लॉकिंग बार असतात. दांडा फिरवला की बारच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे कॅम, म्हणजे फिरणारे आकडे, चौकटीवरच्या खोबणीत जाऊन बसतात आणि फळीला चौकटीकडे ओढून घेतात. कडी मध्ये एक नाही, वर-खाली दोन, आणि दोन्ही एकाच हाताने लागतात. शिवाय जमिनीत भोक नको, वाळूचा प्रश्नच मिटला. ट्रकची बॉडी बांधणाऱ्यांकडे हे बार सुटे मिळतात. त्यासाठी फळ्या बाहेर उघडणाऱ्या कराव्या लागल्या. त्याचाही फायदाच झाला, कारण आता समोरून आलेला वारा फळीला चौकटीवर दाबतो, कडीवर नाही. कडीला तोंड द्यावं लागतं ते वाऱ्याच्या ओढीला.

पण लॉकिंग बार बाहेरूनच उघडतो. रात्री आत कुणी काम करत असेल, डिझेल, चिंध्या आणि वेल्डिंगची ठिणगी एकाच छपराखाली असेल, तर हे दार म्हणजे सापळा. म्हणून एका फळीत दिंडी दरवाजा काढून घेतला. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारांबद्दल सांगितलंय की ती आतून किल्लीशिवाय उघडता आली पाहिजेत. मी दिंडीसाठी तीच अट धरली. बाहेरून कुलूप लावायला कोयंडा ठेवलाच नाही. फॅब्रिकेटर दादांना ते पटेना. "वहिनी, कोयंडा नाही तर कुलूप कुठे घालणार?" बाहेरून किल्ली आणि आतून नुसती मूठ फिरवली की उघडणारं लॅच बसवलं. आत माणूस असताना बाहेरच्याने सवयीने कुलूप घालून निघून जाण्याची शक्यताच राहिली नाही. मूठ गोल गुळगुळीत न घेता लांब पात्याची घेतली, कारण आमच्याकडे कुणाचेही हात ग्रीसशिवाय नसतात. गोल मूठ तेलकट हाताने फिरत नाही, पातं कोपरानेसुद्धा खाली दाबता येतं.

धातूचा विषय किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मनावर घ्यावा असा आहे. दुकानात सगळंच एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, असतं. "ताई, लोहचुंबक लावून बघा, चिकटत नाही म्हणजे अस्सल," हे वाक्य मी प्रत्येक दुकानात ऐकलं. पण २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींना चुंबक साधारणपणे चिकटत नाही, आणि खरा फरक तर नेमका या दोघींतच आहे. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. खाऱ्या वाऱ्यात त्यावर लवकर तांबूस डाग धरतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्याशिवाय दोनेक टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाशी झुंजायची ताकद त्याच्यामुळे येते. भंगारवाले आणि मोठे व्यापारी थेंबभर रसायन टाकून बॅटरीने तपासतात, २०२ असेल तर डाग लालसर होतो. मी तशी तपासणी करून देणाऱ्याकडूनच माल घेतला. खाडीकडच्या दाराची लहान कडी आणि बिजागऱ्या ३१६ च्या, बाकी ठिकाणी ३०४. मोठं काम लोखंडाचंच, पण वेल्डिंग पूर्ण झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेलं. आधी गॅल्व्हनाइज पाइप आणून मग वेल्ड केला तर सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो.

स्क्रूंकडे तर कुणी बघतही नाही. एसएसच्या कडीला साधे लोखंडी स्क्रू मारले की खारट ओलीत दोन धातूंची जोडी जमते आणि त्यात लोखंड खाल्लं जातं. कडी लखलखीत राहते आणि स्क्रूचं डोकं चिमटीत चुरा होऊन येतं. गावातल्या एका जुन्या दारावर मी हे हाताने करून पाहिलं. बाहेरच्या बाजूला मी स्क्रू टाळलेच. गोल डोक्याचे बोल्ट आरपार घालून नट आतून आवळले, म्हणजे चोराला पाना लावायला बाहेर काही सापडत नाही.

फाटकाचं काम तुलनेने सोपं. एवढं लांब फाटक आज ना उद्या झुकणारच. बिजागरीवर टांगलेलं टोक जागेवर राहतं, कडीचं टोक खाली येतं, आणि मग लोक फाटक उचलून उचलून बोल्ट घालतात. कंटाळले की घालायचं सोडून देतात आणि शेळ्या आत. म्हणून सरकत्या बोल्टऐवजी वरून आपोआप पडणारी कडी घेतली. तिचा खाचा उभा आणि चांगला लांब ठेवला, म्हणजे फाटक दोन बोटं खाली आलं तरी कडी पडतेच. दुसरी कडी फाटक उघडं धरायला. खाडीच्या वाऱ्यात फाटक जोरात आपटतं आणि मध्ये कुणाची बोटं असतील सांगता येत नाही. आता उघडलेलं फाटक भिंतीजवळच्या खांबाला आपोआप अडकतं. मोठ्या दाराच्या फळ्यांनाही तेच केलं.

कप्पीच्या हुकाला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

आमच्याकडे दोन टनाची चेन कप्पी आहे. सहा सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलायला ती पुरते. हुकाच्या तोंडाला स्प्रिंगवर उघडबंद होणारी लहान पट्टी असते, तिला सगळे लॅचच म्हणतात. जुन्या कप्पीचा लॅच कधीच गळून पडला होता आणि तिथे बाइंडिंग तार गुंडाळलेली असायची. मुलांचं म्हणणं, "वहिनी, वजन हुकाच्या पोटात असतं, लॅचवर काही नसतं. मधे मधे येतो नुसता." यातलं अर्धं अगदी बरोबर आहे. लॅच वजन पेलायला नसतोच आणि त्याच्यावर वजन कधी येऊही नये. त्याची गरज लागते वजन नसतं त्या क्षणी. जेट्टीला बांधलेल्या बोटीतून इंजिन काढताना हे डोळ्यांनी दिसतं. लाट आली की बोट वर येते, इंजिन पाटावर टेकतं, इंजिनाला बांधलेला पट्टा सैल पडतो आणि त्याचा फास हुकाच्या पोटातून वर सरकतो. लाट उतरते, बोट खाली जाते, आणि पट्टा ताणला जातो तेव्हा फास हुकाच्या टोकावर असू शकतो. तिथून तो निसटला तर खाली माणसं आहेत. लॅच असेल तर सैल पडलेला फास आतच राहतो आणि ताण आल्यावर पुन्हा पोटात बसतो. बाइंडिंग तार असला झटका एकदाही सोसणार नाही.

जेट्टीवरच्या कामासाठी म्हणून स्वतः लॉक होणारा हूक घेतला, ग्रेड ८० (हा ताकदीचा दर्जा) च्या मिश्रपोलादाचा. वजन आलं की तो बंद होतो आणि वजन असेपर्यंत खटका दाबूनही उघडत नाही. तो महाग पडला, शिवाय खटका दाबायला मागच्या बाजूने अंगठा घालावा लागतो आणि ग्रीसच्या हातमोज्यात ते अवघड जातं, हे खरं. शेडच्या आत वजन हलत्या पाण्यावर नसतं, म्हणून तिथल्या कप्पीला स्प्रिंगचा लॅच पुरेसा मानला. सगळीकडे महागडा हूक लावला असता तर मुलांनी वैतागून तो उघडा अडकवून ठेवायची युक्ती शोधलीच असती.

जुन्या हुकाला लॅचचं कान वेल्ड करून द्यायची तयारी वेल्डर दादांनी दाखवली. मी ठाम नाही म्हटलं. हुकाच्या पोलादाला तापवून-थंडावून ताकद आणलेली असते. वेल्डच्या आचेने नेमक्या त्या जागचं पोलाद ठिसूळ होऊन तडा जाऊ शकतो, आणि तडा बाहेरून दिसेलच असं नाही. ज्या हुकाला लॅचसाठी कंपनीचं भोक आहे त्यालाच लॅच बसवायचा, नाहीतर हूक बदलायचा. आम्ही बदलला.

लॅचचा आणखी एक उपयोग तपासणीला आलेल्या अधिकृत तपासनिसांनी दाखवला. नवा हूक असतो तेव्हा लॅचची जीभ टोकाच्या आत नीट टेकते. कालांतराने ती टोकाला न टेकता बाहेर निसटायला लागली, तर बहुतेक वेळा लॅच बिघडलेला नसतो, हूक उघडलेला असतो. कुणीतरी कधीतरी जास्त वजन टांगलेलं असतं. त्यांनी नव्या हुकाच्या टोकावर आणि समोरच्या अंगावर सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या अवजाराने) दोन ठिपके ठोकायला लावले. आमचं अंतर आलं ६० मिलिमीटर. तोंड ५ टक्के रुंदावलं की हूक बाद, ही अमेरिकन मानकातली मर्यादा ते वापरतात. म्हणजे आमच्या ठिपक्यांत ६३ मिलिमीटर झाले की हूक भंगारात. जिथे पट्टा घासतो तिथली जाडी १० टक्के झिजली, किंवा हूक जरासाही पिळला गेला, तरी तेच. नवऱ्याने ६० चा आकडा कप्पीशेजारच्या खांबावर रंगाने लिहून ठेवलाय आणि अंतर मोजायचा कॅलिपर तिथेच खिळ्याला टांगलाय.

आमच्याकडे माणसं मोजकी, त्यामुळे शेड कारखान्याच्या व्याख्येत बसत नव्हती. तरी २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ मध्ये उचलण्याच्या साधनांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितलेली होती, ती आम्ही करून घेतो. इंजिनाखाली उभा राहणारा माणूस दहा कामगारांतला असो की चारांतला, त्याचं डोकं तेवढंच मोलाचं.

तुम्ही लॅच बदलायला निघाला असाल तर हुकाचा मेक, मॉडेल आणि टन तिन्ही लिहून न्या, जमलं तर फोटोही. नुसतं 'दोन टनाचा लॅच द्या' म्हटलं की हाताला येईल तो मिळतो, आणि दोन कंपन्यांच्या दोन टनांच्या हुकांची तोंडं सारखी नसतात. बसवल्यावर लॅच बोटाने दाबून सोडा. तो स्वतःहून पूर्ण मागे येऊन टोकाला आतून टेकला पाहिजे. मध्येच अडकला तर स्प्रिंग परत करा. आमच्या पहिल्या किटची स्प्रिंग अशीच ढिली निघाली होती. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली.