तुम्ही विचारलंत म्हणून: फौजी माणूस संसारात कसा असतो?

आमच्या सोसायटीत निवृत्त फौजी मी एकटाच. त्यामुळे कुणाच्या मुलीला कॅप्टनचं किंवा मेजरचं स्थळ आलं की संध्याकाळी आमची बेल वाजते. चहा होतो, पाण्याच्या टँकरचं बोलून होतं आणि मग मुलीची आई मूळ मुद्द्यावर येते, "कर्नलसाहेब, फौजी माणूस संसारात कसा असतो हो?" मी म्हणतो, "हिला विचारा." ही म्हणते, "त्यांनाच विचारा, मी सांगितलं तर ठरलेलं मोडेल." सगळे हसतात आणि उत्तर राहून जातं. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाबतीत हेच झालं. त्यांची मुलगी गुणी आहे, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. खडकवासल्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) तीन वर्षं, डेहराडूनला आयएमएत (भारतीय सैन्य अकादमीत) एक, आणि १९८३ साली खांद्यावर तारे लागले. ५४व्या वर्षी कर्नल म्हणून निवृत्त झालो, म्हणजे ३३ वर्षं नोकरी. लग्न १९८८चं. नोकरीतला संसार २८ वर्षांचा. एकदा आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तर एका छपराखाली काढलेली वर्षं भरली साडेपंधरा. ही म्हणते चौदाच, कारण कोर्स, युद्धसराव, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेतली चौकशी) यांत गेलेले महिने मी सोयीस्करपणे घरात धरले. तिचा आकडा खरा असावा.

बाकीची वर्षं फील्डमध्ये, म्हणजे सीमेवर किंवा चकमकींच्या भागात. दोन-तीन वर्षं पीस स्टेशन म्हणजे शांत भागातली छावणी, तिथे बायको-मुलं बरोबर. मग दोन-तीन वर्षं फील्ड, तिथे कुटुंबाला परवानगी नाही. वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि २० दिवस कॅज्युअल. बँकेतल्या माझ्या साडूला या ८० दिवसांचा फार हेवा. तो रोज रात्री घरी जेवतो, हे मात्र त्याच्या हिशेबात कधी येत नसे.

१९९६ ते ९८ मी राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या फौजेच्या दलात, जम्मू-काश्मीरमधल्या डोड्याच्या डोंगरात होतो. ही मुलांना घेऊन पुण्यात, सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, म्हणजे फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी घरात. मुलगी सहाची, मुलगा दोनाचा. मोबाइल नव्हते. फौजी एक्स्चेंजमधून फोन लागायचा, पण एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा जोडत नेलेला. आवाज इतका बारीक व्हायचा की मधला ऑपरेटर दया येऊन सांगायचा, "साहब, मेमसाहब कह रही हैं, गैस खत्म हो गया." ऑपरेटरच्या तोंडून काय संसार करणार? म्हणून पत्रं.

पत्ता म्हणजे नाव, युनिट आणि ५६ एपीओ (फौजी टपालाचा नंबर). गाव नाही, जिल्हा नाही. टपाल दिल्लीच्या फौजी टपाल कार्यालयातून आमच्याकडे यायचं. बर्फाने रस्ता बंद झाला की काहीच नाही, आणि उघडला की थप्पी. तीही उलटसुलट. म्हणून आम्ही पत्राच्या कोपऱ्यात नंबर घालायचो. माझे वेगळे, तिचे वेगळे.

एकदा तिचं १४ नंबरचं पत्र आधी आलं. पहिलीच ओळ: "तुम्ही म्हणाला होतात तसंच केलं, आता यावर मला काही ऐकायचं नाही." मी काय म्हणालो होतो? तिने काय केलं? चार दिवस चौकीवर मी तेच डोक्यात घोळवत होतो. मग १३ आलं: "तुमचं उत्तर नाही, म्हणजे मी होकार समजते." आणखी आठवड्याने १२. त्यात मूळ प्रश्न होता. माझी चेतक स्कूटर दारात पाऊस खात गंजतेय, गिऱ्हाईक आलंय, विकू का? (सहीचं काय, असं कुणी विचारेल. फील्डला जाताना मी कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवायचो. बरेच जण ठेवतात.) मी ताबडतोब "मुळीच विकू नकोस" असं लिहून टाकलं. ते वाटेत असतानाच तिचं १५ आलं. स्कूटर गेली होती, त्या पैशांत भर घालून लूना मोपेड आली होती, ती चालवताना दोनदा पडून झालं होतं आणि मुलगी लूनावरून शाळेत जात होती. हे सगळं दीड ओळीत. बाकीचं पान मुलाच्या दातांबद्दल.

आणि मी नक्की काय म्हणालो होतो? "तुला योग्य वाटेल ते कर." माझ्या ९ नंबरच्या पत्रात, शेवटच्या ओळीत. ते वाक्य आम्ही सगळेच लिहितो. बायका ते खरं धरतात.

गंमत अशी की त्याच दिवसांत मी दुसऱ्यांचे संसार सांभाळत होतो. कंपनीत शंभरावर जवान, आणि प्रत्येकाचं घर माझ्या टेबलावर. भावाने बांध कोरला, सावकार दारात बसलाय, सासू-सुनेचं पटत नाही. कुणाच्या बायकोचं पत्र थेट कमांडिंग ऑफिसरच्या नावे यायचं: "माझे मालक पैसे पाठवत नाहीत." मग मी त्याला बोलावून समज द्यायचो, जिल्हा सैनिक बोर्डाला पत्र लिहायचो, कुणाची रजा पुढे ओढायचो. एका जवानाला मी तासभर समजावलं होतं की घरच्या निर्णयात बायकोचं ऐकावं. त्याच आठवड्यात मी ते "मुळीच विकू नकोस" लिहिलं.

पण वहिनी, खरी अडचण माणूस जातो तेव्हा नसते. जाण्याची तयारी असते. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, होल्डॉल, स्टेशन, संपलं. अडचण तो परत येतो तेव्हा सुरू होते. जम्मूहून झेलम एक्स्प्रेस पकडायची, दोन रात्री काढून पुण्यात उतरायचं. दोन दिवस पुरणपोळी, मटण, नातेवाईक. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला जाग येते आणि करायला काही नसतं. अशाच एका पहाटे मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे ओळीत लावले. डाळी एकीकडे, पिठं दुसरीकडे, प्रत्येकावर चिठ्ठी. फौजेतली सवय, ओळ सरळ नसली की मला अन्न गोड लागत नाही. ही उठली, बघितलं, काही बोलली नाही. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं, कारण मीठ तिच्या हाताला लवकर सापडलं नाही आणि तेवढ्यात मुलीने तिच्या नकळत वेगळं घातलं. मग मी दप्तरं तपासली. मुलगी सावधानमध्ये उभी राहून म्हणाली, "ऑल ओके, सर." तिला वाटलं खेळ आहे. मला मात्र त्याचं बरं वाटलं, हे जास्त वाईट.

मी जम्मूची गाडी पकडली आणि, नंतर कळलं, त्याच संध्याकाळी डबे जागेवर गेले.

घरात माझ्यावाचून एक पद्धत बसलेली असायची. कुणी कधी आंघोळ करायची, कुणाला रागावायचं नाही, पैसे कुठल्या डब्यात. मी ती पद्धत मोडून जायचो आणि पुढचा महिना तिचा ती परत बसवण्यात जायचा. हे कळायला मला तीन फील्ड पोस्टिंग लागली. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी पलटण राजस्थान सीमेवर गेली, तेव्हा सुरुवातीला रजा बंद होत्या. जवळजवळ दहा महिने आम्ही वाळूत. छावणीत मागे नुसत्या बायका आणि मुलं. परत आलो तर मुलगा सायकल चालवत होता. कुणी शिकवली, हे विचारलं नाही. मागून पळत गेलो फक्त, दोन चकरा.

तेव्हा वहिनी, मुलगा व्यसनी नाही ना, कर्ज नाही ना, हे बघालच. ते कुठल्याही स्थळात बघतात. तुमच्या मुलीला लूना विकत घेता येते का, ते बघा. आणि त्या कॅप्टनला भेटाल तेव्हा स्वयंपाकघरात घेऊन जा आणि एखादा डबा मागा. शोधत बसला तर चांगला आहे. शोधता शोधता आवरायला लागला, तर माझ्याकडे पाठवा.

हे लिहिण्यासाठी माळ्यावरची ट्रंक काढली. तिची पत्रं नंबराने लावली, ओळ सरळ आहे. १ ते ६३, पण ४१ नाही. डोड्याला ते पोचलंच नाही. काल तिला विचारलं, "त्यात काय लिहिलं होतंस?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येईल."