"रद्द करा" म्हणजे नक्की काय रद्द?

चवथीनंतर मावशीला गोव्यातल्या पेडण्याहून पुण्याला लेकीकडे जायचं होतं. बसचं तिकीट मोबाईलवर काढलेलं, मग बेत बदलला म्हणून कॅन्सल करायला बसली तर स्क्रीनवर आलं, "तिकीट रद्द करायचे?" आणि खाली दोन बटणं, "रद्द करा" आणि "ठीक आहे". फोन आला, "कुठचं दाबू गो?" मी ॲपमधल्या बटणांवरची मराठी लेबलं तपासायचंच काम करते तरी मलाही चटकन सांगता येईना, कारण पहिल्या बटणाने तिकीट रद्द होणार की रद्द करणंच रद्द होणार हे कळायला काही मार्गच नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो "काढा". आपण तिकीट काढतो, पैसे काढतो, फोटो काढतो आणि यादीतून नावही काढतो, सगळीकडे एकच क्रियापद. प्रोफाईलमध्ये नुसतं "फोटो काढा" लिहिलं तर कॅमेरा उघडणार की असलेला फोटो जाणार? मराठीत याला सोपा उपाय आहे, "काढून टाका". एक "टाका" जोडला की अर्थ पक्का होतो. मग लोक तिथे "हटवा" का लिहितात मला कळत नाही, आमच्याकडे घरात कोकणी आणि पेपर मराठी, पण "हटवा" दोन्हीकडे कोणाच्या तोंडी नाही.

नंबर चुकला की येणारा "अवैध क्रमांक" हा मेसेज पण तसाच. मावशीने अवैध हा शब्द रेती उपशाच्या बातमीत वाचलेला, ती घाबरलीच. "नंबर चुकलाय, १० आकडे टाका" एवढं लिहायला काय हरकत आहे?

आणि हे फक्त भाषांतराचं दुखणं नाही हां. ॲपलचा लिसा कॉम्प्युटर १९८३ मध्ये आला, तो तयार होत असताना बटणावर इंग्रजीत "डू इट" (Do It) होतं, दोन शब्दांमधली जागा नीट दिसायची नाही आणि मोठा I छोट्या l सारखा दिसायचा, म्हणून चाचणीला बसवलेल्यांपैकी काहीजण तिथे अडखळायचे, एकाने तर ते "डोल्ट" (Dolt) वाचलं, म्हणजे मठ्ठ. शेवटी तिथे "ओके" आलं. बघा, माणसं समोर बसवून वाचून घेतलं म्हणून सापडलं, मराठी लेबलं मात्र बहुतेक वेळा एक्सेलच्या शीटमध्ये सुटी सुटी येतात, कुठल्या प्रश्नाखाली कुठलं बटण बसणार ते भाषांतर करणाऱ्याला दिसतच नाही.

मावशीने शेवटी काहीच दाबलं नाही, भाचा दुसऱ्या दिवशी बुकिंग ऑफिसात जाऊन आला. मी त्या ॲपवाल्यांना दोन बटणं लिहून पाठवलीत, "तिकीट रद्द करा" आणि "तिकीट राहू दे". अजून उत्तर नाही, पुढच्या आठवड्यात परत पाठवणार.