रात्री उशिरापर्यंत खलबते

आजीचे दात गेले, पण विडा सुटला नाही. तिच्यापाशी मुठीएवढा पितळी खलबत्ता होता. जेवणं आटोपली की पान, कात, चुना, सुपारी त्यात घालून ती ठक् ठक् कुटत बसायची आणि मी समोर बसून तिला पेपर वाचून दाखवायचो. आमच्याकडे मुंबईचा पेपर दुपारच्या एसटीने येई, त्यामुळे विडा आणि बातमी यांची वेळ एकच.

१९७८चा पावसाळा. वसंतदादांचं सरकार डळमळत होतं आणि रोज कुठे ना कुठे 'रात्री उशिरापर्यंत खलबते' चालू असायची. शेवटी मी विचारलं, "आजी, हे मंत्री रात्रभर काय कुटतात गं?" बत्ता न थांबवता ती म्हणाली, "एकमेकांना, रे."

जुलैत सरकार पडलं. १८ तारखेला शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांना ३८ वर्षंही पुरी नव्हती. आजीचा अर्थच बरोबर, अशी माझी खात्री झाली.

ती पुढे रायगडावर मोडली. तिथे राजवाड्याच्या अवशेषांत एक तळघरासारखी अंधारी खोली दाखवतात, तिला खलबतखाना म्हणतात. तिथे कुटायचं काहीच नव्हतं! खलबत आलं अरबी-फारसीतल्या 'खल्वत'वरून, म्हणजे एकांत. खलबत्त्यातला खल वेगळ्याच घरातला, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पण गंमत अशी की उमेदवारांच्या नावांवर जो 'खल' होतो, तो मात्र कुटायच्या खलातूनच आलाय. म्हणजे मी शब्द चुकलो होतो, खोली चुकलो नव्हतो.

जुने पेपर चाळताना आता दिसतं, की हा शब्द एकटा कधी येत नसे. सोबत 'बंद दाराआड' असे, 'अमक्याच्या गोटात' असे, आणि 'रात्री उशिरापर्यंत' तर हवंच. सकाळी अकराला खलबत झाल्याचं मी कधी वाचलं नाही. अकरा वाजता बैठक होते. वाक्याला कर्ताही नसायचा. खलबते 'सुरू होती', 'रंगली', फार तर 'शिजली'. कोण काय बोललं, याचा पत्ता नाही. कसा असणार? वार्ताहर बिचारा 'वर्षा'च्या नाहीतर 'सह्याद्री'च्या फाटकाबाहेर उभा. आत कोणाची गाडी गेली, किती वाजता बाहेर आली आणि उतरलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, एवढंच त्याच्या हाती. तेवढ्यावर त्याला पहिल्या पानाचा मजकूर भरायचा.

म्हणून मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. खलबते चालू होती, म्हणजे आम्हाला आत घेतलं नाही. आजच्या 'खात्रीलायक सूत्रां'ना सगळंच ठाऊक असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं ठरलं तरी सूत्रांचं काही बिघडत नाही.

१९९५ साली या शब्दाला चांगला हंगाम लागला. काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५ आणि अपक्ष चक्क ४५. एकेका अपक्षामागे एकेक खलबत धरलं तरी पेपरची पानं पुरायची नाहीत.

खरं खलबत मात्र पेपराला कळत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ला सकाळी दारात पडलेल्या पेपरांत उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचे ठळक मथळे होते. चहाचा कप ठेवून टीव्ही लावला, तर राजभवनात फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे. रात्री फाटकाबाहेर कोणी उभंच नव्हतं, त्यामुळे त्या रात्री कुठेही खलबते 'सुरू' नव्हती.

आणि २०२२च्या जूनमध्ये आमदार पार गुवाहाटीला गेले. सरकार पाडायचा एवढा मोठा मामला, दारावर पोलिसांचा पहारा, अख्खा महाराष्ट्र कान लावून बसलेला. त्या एकांतातून एका फोनवर फुटून घराघरात काय पोचलं? तर सांगोल्याच्या आमदारांनी पाहिलेली झाडी, डोंगार आणि हाटील.