सँत शापेल: राजाचं देवघर, पिठाचं कोठार, कोर्टाचं दफ्तर

पॅरिसमध्ये सीन नदीतल्या इल द ला सिते बेटावर येणारे बहुतेक प्रवासी नोत्र दाम पाहून परत फिरतात. तिथून जेमतेम पाच-सात मिनिटांच्या चालीवर, न्यायालयाच्या इमारतींनी चहूबाजूंनी वेढलेलं सँत शापेल आहे. आत शिरताना तपासणी कडक, कारण आवार कोर्टाचं. काळे झगे घातलेले वकील आजही तिथून लगबगीनं जाताना दिसतात. मध्ययुगात मात्र हा फ्रान्सच्या राजाचा वाडा होता आणि हे चॅपेल त्याचं खासगी देवघर.

ते बांधलं नवव्या लुईनं. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट बाल्डविन कंगाल झाला होता आणि येशूचा काटेरी मुकुट, म्हणजे क्रुसावर चढवताना त्याच्या डोक्यावर घातला होता असं मानला जाणारा, व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला होता. लुईनं 1239 मध्ये तो 1,35,000 लिव्र (त्या काळचं फ्रेंच चलन) मोजून मिळवला, असं सांगतात. तो ठेवायला उभारलेल्या या वास्तूचा खर्च आला 40,000 लिव्र! इमारत ही मुळात एक पेटी होती, हे या दोन आकड्यांतून जितकं कळतं तितकं कुठल्याही वर्णनातून कळत नाही. 26 एप्रिल 1248 ला चॅपेलचं पवित्रीकरण झालं आणि त्याच वर्षी राजा धर्मयुद्धावर निघाला.

खालचा मजला वाड्यातल्या नोकरचाकरांसाठी होता. छत बुटकं, साडेसहा मीटरच्या आसपास. निळ्या खांबांवर सोनेरी लिलीची फुलं आहेत, लाल खांबांवर किल्ले. किल्ले हे राजाच्या आईच्या, ब्लांशच्या, कास्तील घराण्याचं चिन्ह. हा झगझगीत रंग 19व्या शतकातला आहे. जुनं रंगकाम 1690 च्या पुरात खराब झालं होतं.

कोपऱ्यातल्या अरुंद चक्री जिन्यानं वर आलो आणि भिंत शोधू लागलो. भिंत जवळपास नाहीच. खालच्या बुटक्या कमानींच्या पट्ट्यापासून वीस मीटर उंचीच्या छताकडे काचाच काच: 15 खिडक्या आणि त्यांत 1113 प्रसंग, बहुतेक बायबलमधले. मग एवढं दगडी छत पेललंय कशानं? आतून बारीक दिसणारे खांब बाहेरच्या बाजूला चांगलेच जाड आहेत. शिवाय सगळ्या इमारतीला लोखंडी साखळ्यांचे कमरपट्टे घातलेत. ते खिडक्यांच्या आडव्या गजांत असे मिसळलेत की सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. 13व्या शतकातल्या गवंड्यांच्या आणि लोहारांच्या या धाडसापुढे माझी मान आपोआप झुकली.

राज्यक्रांतीत राजाचं देवघर कोण ठेवणार? मुकुटाची सोन्याची पेटी वितळवली गेली, शिखर उतरवलं गेलं आणि आत पिठाची पोती आली. नंतर 1803 पासून 1837 पर्यंत इथे न्यायालयाचं दफ्तर होतं. वरच्या दालनात भिंतींना लागून कागदपत्रांची उंच कपाटं बसवली. ती बसावीत म्हणून खिडक्यांचा खालचा सुमारे दोन मीटर भाग काढून टाकला. त्यातल्या काही काचा विकल्या गेल्या. थोड्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

मी बराच वेळ त्या दोन मीटरच्या पट्ट्यापाशीच घालवला. डोळ्यांना सगळ्यात जवळचा हाच भाग आहे. शिशाच्या पट्टीत बसवलेले निळे-लाल तुकडे, तळहातापेक्षाही लहान. चेहऱ्यांच्या रेषा गडद रंगानं काढून भट्टीत पक्क्या केलेल्या. 19व्या शतकाच्या मध्यावर दुरुस्ती झाली, तेव्हा कारागिरांनी गेलेली चित्रं जुन्या पद्धतीनं इतकी हुबेहूब घडवली की जुनं कुठलं आणि नवं कुठलं, मला काही सांगता आलं नाही. एकूण काचांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मूळच्या आहेत.

कपाटं लावणाऱ्यांचा आधी मला राग आला. पण त्या काळात पॅरिसमधली कितीतरी मठ-मंदिरं दगडांसाठी पाडली गेली. या इमारतीचा कुणालातरी रोजचा उपयोग होता, म्हणून ती उभी राहिली, असं मला वाटतं. दोन मीटर काच गेली, पण वरची तेरा मीटर राहिली. दफ्तर हललं आणि मग द्युबान, लास्यू, व्हिओले-ल-द्यूक यांच्यासारखे वास्तुकार कामाला लागले. आजचं देवदाराचं शिखरही लास्यूच्याच आराखड्याचं. मुकुट मात्र परतला नाही. तो नोत्र दामला गेला आणि तिथल्या 2019 च्या आगीतूनही वाचला.

आता इथे नेहमीची उपासना होत नाही. दिवसा पर्यटक, संध्याकाळी वाद्यसंगीताच्या मैफली. मैफलीचं तिकीट काढलंत तरी दिवसा उन्हाच्या वेळी वेगळं या, कारण अंधार पडला की आतून काचा काळ्या दिसतात. दारातून शिरल्यावर डाव्या हाताच्या सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात करा. प्रत्येक खिडकी खालून वर वाचायची. फेरी संपते ती उजव्या हाताच्या शेवटच्या खिडकीशी. तिच्यात मुकुट पॅरिसला आल्याची हकिगत आहे, खुद्द लुईसकट. दुर्बीण जरूर न्या. वरचे प्रसंग नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत.