तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ आर्मचा हट्ट कशाला?

"साधा आर्म लावा की हो, फरक तरी ऐकू येतो का?" नौपाड्यातल्या आमच्या घरी रेकॉर्डचं वेड असलेला कुणीही आला की हे विचारतो, तेही चहाचा कप टर्नटेबलशेजारी ठेवत. (कप आधी उचला.) आजवर उडवून लावलं, आता एकदाच नीट लिहितो. साधा आर्म एका टोकाला खिळलेला असतो, म्हणून त्याची सुई रेकॉर्डवर कमानीत फिरते; माझा सरळ आर्म तिला कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत नेतो.

टेक्निक्सच्या एसएल-१० या सरळ आर्मच्या टर्नटेबलमध्ये आर्म सरकवायला मोटर असते, चूक पकडायला सेन्सर असतो. माझ्याकडे यातलं काही नाही. काचेच्या दांड्यावर चार बारक्या बेअरिंगांची गाडी, तिला ६० मिमीची नळी, नळीच्या टोकाला कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी. सगळं मिळून ४० ग्रॅम, आणि ते ओढते रेकॉर्डची खाच. वीस मिनिटांच्या बाजूत ६६६ फेरे आणि साधारण ८५ मिमी प्रवास, म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम ०.१३ मिमी.

मूळ रेकॉर्ड (मास्टर) कापणारी सुई सरळ रेषेत जाते, म्हणून वाजवणारीही तशीच जायला हवी, असं मीच पूर्वी सांगत फिरायचो. अर्धं खरं आहे. कापताना सुईला स्क्रू सरकवतो, इथे सुईच गाडी ओढते. ही दुसरी बाजू मी सोयीस्कर गाळायचो.

भूमितीचंही तसंच. सुईची वाट स्पिंडलच्या, म्हणजे मधल्या खुंटीच्या, बरोबर मध्यातून जायला हवी. ती १ मिमी बाजूला पडली तर ६० मिमी त्रिज्येवर, म्हणजे शेवटच्या गाण्यापाशी, सुईच्या कोनात जवळजवळ १ अंशाची चूक होते, बाहेरच्या कडेला १४६ वर ०.४ अंशाची. नीट बसवलेला साधा आर्मही एक-दोन अंशांच्या आतच चुकतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या ढिलाईत शेवटच्या गाण्याचा फायदा गेला. तपासायला कडक कागदाला स्पिंडलएवढं भोक पाडा आणि मध्यातून बारीक रेषा ओढा. सुई १४६ वर टेकवून रेषा तिच्याखाली येईपर्यंत कागद फिरवा, डबल टेपने प्लॅटर (रेकॉर्डखालची फिरती थाळी) पक्का करा, मग गाडी ६० वर नेऊन भिंगाने बघा. जितकी चूक दिसते त्याच्या पावणेदोन पट खरी असते, म्हणून "थोडंसंच आहे" म्हणून सोडू नका. कार्ट्रिज तिच्या स्क्रूंच्या फटीत पुढेमागे सरकवा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता ज्याने दोन महिने छळलं ते. बाजूच्या शेवटच्या गाण्यात डावा चॅनल फाटायचा. कार्ट्रिज बदलली, तेच. रेकॉर्ड झिजली असेल म्हणून साध्या आर्मवर लावली, स्वच्छ वाजली. सुईवरचं वजन २ वरून २.२ ग्रॅम केलं तर कमी झालं, गेलं नाही. बेअरिंगांवर संशय घेऊन त्यांची झाकणं (शिल्ड) काढली, ग्रीस धुतलं. (त्याची शिक्षा जुलैत मिळाली. कोरडं स्टील ठाण्याच्या पावसात गंजतं. आता घड्याळाच्या तेलाचा अर्धा थेंब आणि झाकणाखाली सिलिका जेलची पुडी.) आणि खूण तर समोरच होती: फक्त डावा. डावा चॅनल खाचेच्या स्पिंडलकडच्या भिंतीवर असतो, उजवा बाहेरच्या. गाडीला कुणीतरी मागे, बाहेर ओढत असेल तर सुई बाहेरच्या भिंतीवर रेलते आणि आतली सुटते.

ओढणारं कोण, ते कागदाने कळलं. नेहमीचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. टर्नटेबलच्या पायांमधलं अंतर ३०० मिमी, म्हणजे एका बाजूच्या पायाखाली घातलेल्या एका कागदाने ४० ग्रॅमच्या गाडीवर सुमारे ०.०१३ ग्रॅमची ओढ बदलते. पंखा बंद (मे महिना होता, इलाज नव्हता), काउंटरवेट (तोल सांभाळणारं मागचं वजन) मागे घेऊन सुई अधांतरी, आणि गाडी बाहेर, मध्ये, आत अशी तीन जागी सोडून बघितली. कार्ट्रिजकडून आवाज नेणाऱ्या तारा काढल्यावर तिन्ही ठिकाणी स्थिर. तारा जोडल्या की आतल्या टोकाला सोडलेली गाडी चार मिलिमीटर मागे यायची. ती थांबवायला बाहेरच्या बाजूच्या पायाखाली अकरा कागद लागले. म्हणजे जवळजवळ ०.१५ ग्रॅम. दोन ग्रॅमच्या सुईला हे फार झालं. चार केसाएवढ्या तारा! त्यांना स्प्रिंग म्हणायचं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

लोक इथे टेबल तिरकं करून मोकळे होतात. ते चूक, कारण तारेची ओढ जागेगणिक बदलते आणि उताराची बदलत नाही. आत जमलं की बाहेर बिघडतं. मी तारा जिथे बांधल्यात तो खांब हलवला. पूर्वी तो मागे, बाहेरच्या कोपऱ्यात होता. आता प्रवासाच्या मध्यावर, १०३ मिमी त्रिज्येच्या वर, १०० मिमी उंच. लिट्झ तारेचा (अनेक बारीक धाग्यांची लवचीक तार) १५० मिमीचा सैल झोका, चारही तारा सुट्या. क्लिपांना डाग देताना त्या आधी कार्ट्रिजवरून काढा, नाहीतर पिनेची उष्णता आतल्या कॉइलपर्यंत जाते. आता दोन्ही टोकांना दोन-दोन कागदांची ओढ उरलीय.

नळी आखूड असण्याचा तोटाही सांगून टाकतो. वाकडी रेकॉर्ड १ मिमी उचलली गेली तर इथे सुईचा कोन जवळजवळ १ अंश बदलतो, नऊ इंची आर्मवर पाव अंश. म्हणून रेकॉर्ड दाबून सपाट ठेवणारा क्लॅम्प लागतोच. वाकड्या रेकॉर्डींपुरता साधा आर्म सरस, हे मी मान्य केलंय. घरात तसा एक आहेही.

फरक ऐकू येतो का? शेवटच्या गाण्यात येतो. पहिल्या तिनांत मला तरी येत नाही. आणि सुट्या तारांमुळे एक बारीक घुमघुम आलीय, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत आवाज वाढवला की कळते. पीळ दिला तर ती जाते, पण तारा पुन्हा ताठ होतात. तीनदा पीळ दिला, तीनदा सोडला. परवा आलेल्या पाहुण्याला ती घुमघुम ऐकू आली होती, चेहऱ्यावरून कळलं. पण त्यानेही विचारलं ते हेच, साधा आर्म का नाही.